संत जेरार्डची नोव्हेना गरोदरपणात कशी करायची (झोपून केली तरी चालते)

आमच्या वसईत बाई गरोदर आहे कळलं की दोन गोष्टी घरी येतात, शेजारच्या वाडीतून शेवग्याच्या शेंगा आणि कुणातरी मावशीच्या पर्समधून संत जेरार्डचं चित्र. काळा झगा घातलेला हडकुळा पोरगा, हातात क्रूस, टेबलावर कवटी. माझ्याकडे सातव्या आठवड्यापर्यंत असली दोन चित्रं आणि एक मेडल जमलं होतं, पण नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, नेमकी करायची कशी हे कुणी नीट सांगितलं नाही. सगळ्यांचं एकच, "कर गं, पावतो." व्हॉट्सअ‍ॅपवर जी प्रार्थना आली ती तीन पानांची, निम्मे शब्द मला कळले नाहीत, आणि खाली लिहिलेलं की नऊ जणांना पाठवा नाहीतर कृपा तुटेल. असलं वाचून आधीच घाबरलेल्या बाईचं बीपी वाढणार नाही तर काय होणार.

म्हणून हे लिहितेय. दोन गरोदरपणं, त्यातलं एक दहाव्या आठवड्यात गेलं, दुसऱ्यात पाचव्या महिन्यापासून बेडरेस्ट, दोन्ही वेळा नोव्हेना केली आणि दोन्ही वेळा वेगळी केली. पहिल्यांदा कशी चुकीची केली ते पण सांगते.

आधी हा जेरार्ड कोण ते बघा, कारण माणूस माहीत नसताना त्याच्याशी बोलणं म्हणजे नुसतं फॉर्म भरल्यासारखं होतं. जेरार्ड मायेला, इटलीच्या दक्षिणेला मुरो लुकानो नावाचं डोंगरातलं गाव, तिथे ६ एप्रिल १७२६ ला जन्मला. बाप शिंपी, तो लवकर गेला, मग पोराने पण शिंपीकाम शिकून स्वतःचं दुकान टाकलं आणि कमाईचे तीन वाटे करायचा, एक आईला, एक गरिबांना, एक मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सांगायला. तब्येत एवढी तोळामासा की मठवाले घेईनात. १७४९ मध्ये रिडेम्प्टोरिस्ट नावाच्या संघाचे फादर गावात प्रवचनं द्यायला आले तेव्हा हा त्यांच्या मागे लागला, आईने खोलीत कोंडून ठेवला तर चादरी बांधून खिडकीतून उतरला आणि चिठ्ठी ठेवली की मी संत व्हायला चाललोय. (आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मला तर ही गोष्ट वाचताना जेरार्डपेक्षा त्या बेनेदेत्ताबाईचीच जास्त दया येते.) पुढे तो ब्रदर झाला, फादर नाही. बाग बघायची, दार उघडायचं, कपडे शिवायचे, आजाऱ्यांची सेवा करायची असली कामं. टीबीने १६ ऑक्टोबर १७५५ ला मातेरदोमिनी इथल्या मठात वारला, वय फक्त २९. पोप दहावे पायस यांनी ११ डिसेंबर १९०४ ला संत जाहीर केलं.

आता प्रश्न असा की लग्न न केलेला, पोरंबाळं नसलेला हा ब्रदर गरोदर बायकांचा कसा झाला. त्याची गोष्ट रुमालाची आहे. मरायच्या थोडं आधी तो ओळखीच्या एका घरी गेला होता, निघताना रुमाल विसरला, त्या घरची मुलगी रुमाल घेऊन मागे धावली तर म्हणाला ठेव तुझ्याकडे, कधीतरी लागेल. पुढे तिचं लग्न झालं, बाळंतपणात जिवावर बेतलं, तेव्हा तिला तो रुमाल आठवला, तिने मागवून पोटाशी धरला आणि बाळ सुखरूप झालं असं सांगतात. मग तो रुमाल गावातल्या बायका एकमेकींकडे नेत राहिल्या. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते पण मला तीच जास्त आवडते. १७५४ मध्ये एका तरुणीने त्याच्यावर खोटा आळ घेतला, एका घरच्या मुलीशी त्याचे संबंध आहेत असा. मोठ्या फादरनी, म्हणजे संत आल्फोन्स लिगोरी यांनी, त्याला विचारलं तर हा गप्प. शिक्षा म्हणून कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) बंद. नंतर त्या तरुणीनेच पत्र लिहून खोटं बोलले म्हणून कबूल केलं. बाईच्या पोटाबद्दल, चालीबद्दल, "अजून काही नाही का" बद्दल लोक काय काय बोलतात हे जिने ऐकलंय तिला हा माणूस जवळचा का वाटतो ते वेगळं सांगायला नको.

आणि एक लक्षात ठेवा, संताची पूजा नसते. आपण शेजारणीला म्हणतो ना, उद्या सोनोग्राफी आहे, माझ्यासाठी प्रार्थना कर गं, तसंच त्याला सांगायचं. देणारा देव. जेरार्ड आपल्या बाजूने बोलणारा, एवढंच.

कधी सुरू करायची? नोव्हेना म्हणजे सलग नऊ दिवस. प्रभू येशू स्वर्गात गेल्यावर मरिया आणि प्रेषित माडीवरच्या खोलीत पवित्र आत्म्याची वाट बघत प्रार्थना करत बसले होते ते नऊ दिवस, तिथून हे आलं. जेरार्डचा सण १६ ऑक्टोबर, म्हणून सणाची नोव्हेना ७ ते १५ ऑक्टोबर, आणि ७ तारखेलाच रोझरीच्या (जपमाळेच्या) मातेचा सण असतो, शिवाय ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी गल्लीतल्या क्रूसाजवळ रोझरी चालूच असते, त्यामुळे वातावरण आयतं मिळतं. पण पोटातलं बाळ काही ऑक्टोबर बघून येत नाही. कधीही करा. बहुतेक जणी कळल्या कळल्या एकदा आणि डिलिव्हरीच्या तारखेआधी एकदा करतात. माझं मत विचाराल तर तारखेच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा, अगदी तारखेला टेकून नको, कारण बाळ लवकर आलं की नोव्हेना अर्धी राहिली म्हणून लेबर रूममध्ये रडणारी बाई मी बघितलीये. अर्धी राहिली तर काही होत नाही हो.

सामान काय लागतं तर खरं म्हणजे काहीच नाही. चित्र असेल तर ठेवा, मेडल असेल तर गळ्यात किंवा गाऊनला सेफ्टी पिनने लावा, पण एमआरआय असो वा ऑपरेशन, सिस्टर काढ म्हणाली की मुकाट काढून नवऱ्याकडे द्या. मेणबत्ती घरी लावा, हॉस्पिटलमध्ये बिलकुल नको, तिथे ऑक्सिजन असतो. उलट्या चालू असतील तर उदबत्ती आणि वासाची मेणबत्ती पण टाळा, मला पहिल्या तीन महिन्यांत मेणाच्या वासाने सुद्धा मळमळायचं. आणि एक साधा सुती रुमाल घ्या. ही काही चर्चची अट नाही, घरोघरची पद्धत आहे. पाहिजे तर फादरना सांगून आशीर्वाद देऊन घ्या.

आता रोजचं. एकूण दहा मिनिटं. वेळ एकच ठरवा, मी रात्री नऊची ठेवली होती कारण तेव्हा कॅल्शियमची गोळी असायची, गोळीचा अलार्म वाजला की गोळी आणि नोव्हेना दोन्ही. पहाटे उठून, गुडघ्यावर बसून वगैरे करायचं असलं काही मनात आणू नका. डाव्या कुशीवर झोपा, पायात उशी घ्या, एक हात पोटावर.

क्रूसाची खूण करा. मग एक मिनिट काही बोलू नका, नुसता श्वास. मग आज काय पाहिजे ते आपल्या शब्दात सांगा आणि इथे लाजू नका, गोल गोल बोलू नका. "माझ्या परिवारावर कृपा असू दे" असलं नको. "प्लासेंटा खाली आहे, तो वर सरकू दे." "शुगर आटोक्यात राहू दे." "मागच्या वेळेसारखं होऊ नये, मला भीती वाटते." असं. त्यानंतर जेरार्डची प्रार्थना. छापील कार्डावरची असेल तर ती म्हणा, नसेल तर मी माझ्यापुरती जी जुळवली होती ती देते, ही चर्चची अधिकृत वगैरे नाही, आपली घरची आहे:

"संत जेरार्ड, तू शिंप्याचा मुलगा, एकेक टाका घालून कापड जोडणारा. माझ्या पोटात देव एक जीव टाक्या टाक्याने विणतोय, त्याच्यासाठी तू प्रभू येशूकडे विनंती कर. बाळाचं हृदय, हात, पाय, डोळे नीट घडू देत. मला ताकद दे म्हणून सांग, माझ्या डॉक्टरांचे हात स्थिर असू देत म्हणून सांग. तुला लोकांनी टाकून बोललं तेव्हा तू गप्प राहिलास, मला पण लोकांच्या बोलण्यातून पार पडू दे. मरिया माते, तू पण पोटात बाळ घेऊन डोंगर चढलीस, माझ्याबरोबर चाल. देवा, मला जे पाहिजे ते मी सांगितलं, आता तुझ्या हातात. आमेन."

ते विणण्याचं बायबलमधल्या स्तोत्र १३९ मधून घेतलंय, तिथे तेराव्या ओवीत आहे की देवाने मला आईच्या उदरात विणलं. शिंपी संत आणि विणणारा देव, मला ते फार जुळून आल्यासारखं वाटलं.

मग एकदा "हे आमच्या बापा", तीनदा नमो मरिया, एकदा "पित्याला, पुत्राला", आणि शेवटी तीनदा "संत जेरार्ड, आमच्यासाठी विनंती कर." झालं. रोझरी म्हणायची ताकद असेल तर म्हणा, आनंदाची पाच रहस्यं म्हणा कारण त्यातली पहिली तीन सरळ गरोदरपणाचीच आहेत, देवदूताचा निरोप, मरिया एलिझाबेथला भेटायला जाते, आणि येशूचा जन्म. पण एक दशक (दहा नमो मरियांचा एक भाग) म्हणता म्हणता झोप लागली तर लागू दे. आमच्या आजी म्हणायच्या, आपण अर्धवट सोडलेली रोझरी आपला देवदूत पूर्ण करतो.

नऊ दिवस तेच तेच कंटाळवाणं होत असेल तर थोडा फरक करा. मी दुसऱ्या दिवशी लूकचा पहिला अध्याय काढला, ३९ पासून पुढे, मरिया घाईघाईने डोंगराळ भागात जाते, तिची हाक ऐकून एलिझाबेथच्या पोटातलं बाळ उडी मारतं. एकवीस आठवडे झाले होते, आतून नुसते बुडबुडे आल्यासारखं व्हायचं तेव्हा, आणि मी ते वाक्य मोठ्याने वाचत असताना नेमकी एक जोरदार लाथ बसली, हातातलं बायबल पोटावर टेकवलेलं होतं ते हललं. मिस्टरांना हाक मारली तर ते मॅच बघत होते, येईपर्यंत सगळं शांत. पाचव्या दिवशी त्यांनाच बसवलं, हात पोटावर ठेवून प्रार्थना त्यांनी म्हणायची. माणूस ऑफिसात दोनशे लोकांसमोर प्रेझेंटेशन देतो पण बायकोच्या पोटावर हात ठेवून चार ओळी म्हणताना त्याचा आवाज फुटला. नवऱ्यांना यात घ्याच, सासूबाई असतील तर त्यांना पण एक दिवस द्या, त्यांचं टेन्शन आपल्याहून जास्त असतं आणि ते मग आपल्यावर निघतं. बाकीचे दिवस साधेच गेले, एक दिवस तर मी गोळी घेऊन झोपूनच गेले.

दिवस चुकला तर? दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. पुन्हा एक पासून सुरू करायची गरज नाही, दंड नाही, कृपा तुटत नाही. आणि ते नऊ जणांना फॉरवर्ड करायचं प्रकरण डिलीट करून टाका, त्याचा चर्चशी काही संबंध नाही. उपास पण नको. गरोदर बाईला चर्च उपासातून मोकळी ठेवतं, तरी आमच्याकडे हौशी बायका नोव्हेनाला एकवेळ जेवतात, पोटातलं लेकरू काय नोव्हेनाला बसलेलं नसतं, त्याला जेवायला द्या.

हे मात्र नीट वाचा. रक्त जात असेल, पाणी गेलं असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, डोकं फुटायला आलंय आणि डोळ्यासमोर काजवे येत असतील तर सातवा दिवस आहे, दोनच राहिलेत असं करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, रिक्षात म्हणा प्रार्थना. पहिल्या वेळी मी हेच चुकले. डाग दिसत होते आणि मी नोव्हेनाचा नववा दिवस होईपर्यंत कुणाला बोलले नाही, मला वाटलं डॉक्टरकडे गेले म्हणजे विश्वास कमी पडला. डॉक्टर नंतर म्हणाल्या की आधी आली असतीस तरी दहाव्या आठवड्यात फार काही हातात नसतं, पण ते तीन दिवस मी एकटीने काढले, ते काढायची गरज नव्हती. त्या जेरार्डने स्वतः मठात आजाऱ्यांचं काम केलंय, तो कशाला डॉक्टरला नको म्हणेल.

आणि बाळ गेलं तर नोव्हेना फुकट गेली का, आपलं काही चुकलं का, हा प्रश्न मला सहा महिने छळत होता. एका बाईने मला तोंडावर म्हटलं की मनापासून केली नसशील. तिला मी आजही माफ केलंय असं खोटं लिहिणार नाही. उत्तर मला मिळालं ते जेरार्डच्याच दारावर. शेवटच्या आजारात त्याने खोलीच्या दारावर एक चिठ्ठी लावून घेतली होती, इथे देवाची इच्छा पाळली जाते, देवाला पाहिजे तशी आणि देवाला पाहिजे तोपर्यंत. म्हणजे चमत्कार करणारा म्हणून ज्याच्याकडे सगळे धावत होते तो स्वतः एकोणतिसाव्या वर्षी बरा झाला नाही. ते वाचून मला बरं वाटलं असं नाही, पण मी त्याच्यावरचा राग सोडला. दुसऱ्या वेळी म्हणून प्रार्थनेत ते शेवटचं वाक्य घातलं.

जेरार्डशी जमत नसेल तर दुसरे पण आहेत. संत रेमंड नोनातुस, सण ३१ ऑगस्ट, याची आई बाळंतपणातच गेली आणि याला पोट चिरून काढला असं सांगतात, नोनातुस म्हणजे न जन्मलेला, सिझर ठरलेल्या बायका याला धरतात. संत जियाना बेरेत्ता मोला, मिलानजवळची डॉक्टर, चौथ्या बाळाच्या वेळी गर्भाशयात गाठ निघाली, बाळाला धक्का लागू दिला नाही आणि बाळ झाल्यावर आठवड्याने, २८ एप्रिल १९६२ ला वारली, २००४ ला संत झाली. मोठी बाई आहे, पण रात्री अडीच वाजता घाबरून उठलेल्या गरोदर बाईच्या हातात तिचं चरित्र देऊ नका, प्लीज. बाळ राहावं म्हणून मागणाऱ्या बायका संत आनाकडे, म्हणजे मरियेच्या आईकडे जातात, गोव्यात तळावलीच्या सांताना चर्चला तर तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्तच असतं, बाई काकडी घे आणि मूल दे अशा अर्थाचं पोर्तुगीज यमक जुळवून काकड्या वाहतात. आणि मुंबईतल्या बायकांना माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना आहेच. तिथल्या निरंतर साहाय्य मातेच्या चित्राची भक्ती जगभर पसरवली ती रिडेम्प्टोरिस्ट फादरांनीच, जेरार्डच्याच संघाने, तेव्हा तिथे गेलात तरी घरातल्या घरातच आहात असं समजा. फक्त सातव्या महिन्यानंतर त्या गर्दीत उभं राहू नका. बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचं बाळ वाहायचं असेल तर नवऱ्याला पाठवा.

नवव्या दिवशी काय वेगळं? जमलं तर कन्फेशन (फादरपुढे पापांची कबुली) आणि मिस्सा, कम्युनियन. चर्चला जाता येत नसेल तर फादर घरी येतात, फोन करा, संकोच नको. गरोदर आईसाठी चर्चच्या आशीर्वादाच्या पुस्तकात वेगळा आशीर्वाद आहे, बऱ्याच जणींना माहीतच नाही, रविवारी मिस्सा संपली की फादरना नुसतं म्हणा, "फादर, बाळासाठी आशीर्वाद द्या." आमच्या फादरनी सॅक्रिस्टीच्या (वेदीजवळच्या खोलीच्या) दारातच दिला, दोन मिनिटं लागली, मागे वेदीवरची फुलं काढणाऱ्या दोन बायका पण हात जोडून उभ्या राहिल्या.

बाळ झाल्यावर आभार मानायला विसरू नका, मागताना नऊ दिवस आणि आभाराला एक मिस्सा, एवढं तर करूच शकतो. तिकडे मातेरदोमिनीला जेरार्डच्या देवस्थानात एक अख्खी खोली आहे, तिथे आया बाळाचे फोटो आणि गुलाबी-निळ्या रिबिनीची फुलं लावून जातात, भिंती दिसत नाहीत एवढी. आपल्याला इटली कुठली, मी बाळाच्या स्नानसंस्काराच्या दिवशी त्याच्या टोपीची निळी रिबीन देव्हाऱ्यातल्या जेरार्डच्या फ्रेमला बांधली.

आणि तो रुमाल. बेडरेस्टचे चार महिने तो माझ्या उशीखाली होता, लेबर रूममध्ये मुठीत धरला होता, कोपरा दाताने चावून फाटलाय. सध्या माझ्या धाकट्या नणंदेकडे आहे. तिने विचारलं, "वहिनी, धुतला तर चालेल ना?" मी म्हटलं अगं, डेटॉलमध्ये धू.